सायलेन्सर कुणी पुसला

जुन्या गाडीचं दार उघडलं की मिस्त्रींच्या नाकात पहिल्यांदा शिरायचा तो सुगंध, आणि तिथेच त्यांचं डोकं फिरायचं. आरशाला टांगलेलं सुगंधी पुठ्ठ्याचं झाड, सीटखाली वासाची डबी, एसीच्या जाळीत कोंबलेला अत्तराचा बोळा. "एवढा वास मारायला आत काय मेलंय?" असं ते विकणाऱ्याच्या तोंडावर विचारायचे आणि नाक मुरडायचे. मुरडून मुरडून नाकाच्या शेंड्यावर दोन सुरकुत्या कायमच्या बसल्या होत्या. झोपेतसुद्धा त्या जात नाहीत, असं त्यांची बायको सांगायची. गावभर त्यांचं नाव पडलं नाकमुरडे मिस्त्री. खरं नाव वीजबिलावर होतं, तेवढंच.

पंचवीस वर्षं त्यांनी स्वतःचं गॅरेज चालवलं. पाठीच्या मणक्याने संप पुकारला तेव्हा गॅरेज दुसऱ्याला दिलं आणि एकच काम हाती ठेवलं: जुनी गाडी घेणाऱ्याबरोबर जायचं, गाडी तपासायची, काय आहे ते तोंडावर सांगायचं आणि घरी यायचं. बरोबर एक कापडी पिशवी. तिच्यात हातभर लांब स्क्रूड्रायव्हर, बॅटरी, प्लगचा पाना आणि स्टीलचा एक पेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, की आतली प्रत्येक कुरकुर ऐकू यायची. विकणाऱ्याकडून त्यांनी कधी कपभर चहासुद्धा घेतला नाही. लाच नको म्हणून नव्हे. असल्यांच्या कपाला ओठ लावायचीच त्यांना शिसारी यायची.

आणि का येऊ नये? माणूस जुनी गाडी विकायला काढतो तेव्हा त्याच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. खडखडणाऱ्या इंजिनात जाडजूड ऑइल ओततील, म्हणजे दोन दिवस खडखड दबून राहील. धोक्याचा दिवा लागतो? दुरुस्ती कशाला, दिव्याचा बल्बच काढून टाकतील. इंजिन ज्या रबरावर बसतं ते रबर फाटलंय? तिथे जुन्या टायरचा तुकडा कोंबतील. वरून रंगाचा हात. तेरड्याचा रंग तीन दिवस, पण तीन दिवसांत गाडी दुसऱ्याच्या दारात गेलेली असते. एका शाळेच्या हेडमास्तरांनी अशी जाड ऑइलची गाडी सख्ख्या धाकट्या भावाला विकली होती. मिस्त्रींनी विचारलं, "अहो, भावाला तरी?" हेडमास्तर म्हणाले, "परक्याला विकली असती तर तो भांडायला आला असता. भाऊ सांभाळून घेतो." मिस्त्री तिथून निघाले ते रस्त्याच्या कडेला थुंकूनच पुढे गेले.

बरं, लबाडी एक वेळ परवडली, घाण परवडत नाही. सीट उचलली की खाली काय काय निघायचं! कापलेली नखं, वाळलेल्या फळांच्या साली, लहान पोराचा कधीचा तरी विसरलेला दुधाचा डबा, तोही बंद झाकणाचा. आणि या सगळ्यावर बसून मालक म्हणणार, "एका हाताने वापरलेली गाडी आहे हो." एकाच हाताने एवढी घाण केली असेल तर त्या हाताला नमस्कार, असं मिस्त्री म्हणायचे.

त्यांची तपासायची रीत मात्र देवाच्या पूजेसारखी ठरलेली. गाडी रात्रभर उभी असलेली, थंडगार हवी. थंड इंजिन खरं बोलतं, गरम झालं की शिकवलेलं बोलायला लागतं, हे त्यांचं पहिलं वाक्य. गाडी नुकतीच धुतलेली दिसली तर हात न लावता परत फिरायचे. ओली गाडी म्हणजे काहीतरी लपवलेली गाडी. मग बंद बॉनेटवर तळहात टेकवून, डोळे मिटून दहा आकडे मोजायचे. ऊब लागली की, "उद्या या. गाडीला सकाळी फिरवायला नेऊ नका." हे बघायला चार माणसं जमायची.

ऊब नाही लागली तरी बॉनेट ते लगेच उघडत नसत. पेल्यात पाणी भरून बॉनेटवर ठेवायचे, गाडी सुरू करायला सांगायचे आणि स्वतः आत बसून दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवायचे. दहा मिनिटं तशीच. रोग्याला पाहिल्याबरोबर पोट फाडतात का, असा त्यांचा सवाल. पेल्यातल्या पाण्यावर बारीक, एकसारखी वलयं उठली तर ठीक. गाडी उभी असताना थरथर आणि जरा रेस दिली की शांत, तर इंजिनाखालची रबरं गेली. पेला उतरवून गाडी पळवली आणि ठराविक वेगालाच स्टेअरिंग थरथरलं तर चाकांचं वजन बिघडलं. आणि पाणी लंगड्या माणसाच्या चालीने हललं, तीन ठेके नीट आणि चौथा खाली, तर समजायचं की चारांपैकी एक खण, म्हणजे सिलिंडर, पेटत नाही. गाडी मिसिंग मारते. हे सगळं कळल्यावर मग बॉनेट वर. तोवर इंजिन तापलेलंच असायचं.

आता गंमत अशी की बॉनेटवर तळहात ठेवणं हे निम्मं नाटक होतं. ओलं पोतं टाकून बॉनेट कुणीही गार करील. मिस्त्रींची खरी परीक्षा मागच्या बाजूला चालायची. मागचं टायर बघायच्या निमित्ताने ते वाकायचे आणि बोटांची मागची बाजू सायलेन्सरच्या तोंडाला हळूच टेकवायचे. गाडी थोड्या वेळापूर्वी चालली असेल तर तिथे ऊब सापडायची. बॉनेट गार आणि सायलेन्सर उबदार, म्हणजे मालक चोर. गॅरेज सोडल्यापासूनच्या नऊ वर्षांत ही युक्ती कुणाच्या ध्यानात आली नाही. सगळ्यांचे डोळे त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर.

ती युक्ती माहीत होती जगात एकाच माणसाला. त्यांची एकुलती एक मुलगी, चिमी. गॅरेज चालू होतं तेव्हाही ओळखीपाळखीच्या लोकांसाठी ते गाड्या बघायला जायचे, आणि शाळेला सुट्टी असली की बॅटरी धरायला चिमी बरोबर असायची. नऊ-दहा वर्षांची असताना एकदा तिने विचारलं, "बाबा, तुम्ही टायर बघता आणि काजळी बोटांना कशी लागते?" मिस्त्रींना पोरीच्या नजरेचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी सगळं सांगून टाकलं. वर बजावलं, "कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही." चिमीने गळ्याला हात लावून शपथ घेतली. ती पाळलीसुद्धा. पुढे लग्न झाल्यावर तिने ते नवऱ्यालाही सांगितलं नाही.

नवऱ्याचं म्हणाल, तर लग्नाच्या वेळी तो टायरच्या दुकानात होता. टायर हा मिस्त्रींच्या लेखी त्यातल्या त्यात प्रामाणिक माल, झिजलेला असला तर झिजलेलाच दिसतो. पण चार वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली आणि जुन्या गाड्यांचा बाजार उघडला. पत्र्याची शेड, पुढे मोकळं आवार, ओळीने चकाकणाऱ्या गाड्या आणि कोपऱ्यात काचेची केबिन. तिथे बसून चिमी कागदपत्रं करायची. मिस्त्रींना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. "आयुष्यभर ज्या डबक्याला नाक दाबून वळसा घातला, त्यात माझी पोर पोहायला उतरली," असं बायकोला म्हणाले. चार वर्षांत त्यांनी त्या आवारात पाऊल टाकलं नाही. लेकीच्या घरी जायचे, पण जावयाने दिलेला पाण्याचा ग्लाससुद्धा आधी उजेडाकडे धरून बघायचे. जावई बिचारा "मामा, घ्या ना" म्हणत उभा. चिमी तोंड फिरवून घ्यायची.

अशात एक दिवस नर्सबाई आल्या.

या बाई घरोघर जाऊन रोग्यांना इंजेक्शनं द्यायच्या, जखमा बांधायच्या. एकट्या राहत. त्यांची गाडी मोडीत निघाली होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीपलीकडे, एका म्हाताऱ्या गृहस्थांना रोज सकाळी सहाच्या ठोक्याला इंजेक्शन लागायचं. उशीर चालत नव्हता. एकदा झाला होता, तर त्या घरातल्या सुनेने दारातच सांगितलं होतं, "पुन्हा असं झालं तर दुसरी बघू." आणि एक घर सुटलं की शेजारची चार सुटतात, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांना हवी होती एक साधी गाडी, रोज पहाटे पहिल्या चावीला सुरू होणारी.

"तुमच्या जावयाकडे एक आहे," बाई म्हणाल्या. "राखाडी रंगाची, लहान. मला पसंत आहे. पण तुम्ही बघितल्याशिवाय घेणार नाही."

"आपलेच दात आपलेच ओठ," मिस्त्री म्हणाले. "मी नाही येत. दुसरा कुणीतरी बघा."

"काका, लोक म्हणतात, नाकमुरडे मिस्त्री सख्ख्या जावयाचीही गय करणार नाहीत. म्हणून तर तुमच्याकडे आले."

या वाक्यावर मिस्त्री फुगले. माणूस लाचेने विकला जात नाही, स्तुतीने जातो, आणि वर त्याला पत्ता नसतो. बाईंनी दुकानात तसं कळवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते बाईंबरोबर जावयाच्या आवारात हजर झाले. पोटात मात्र वेगळाच आनंद होता: आज त्या पोराची लबाडी चारचौघांत उघडी पाडायची.

गाडी कोरडी होती. बॉनेटवर हात ठेवला, दहा आकडे मोजले, गार. मागे गेले, वाकले, बोटं सायलेन्सरला लावली, गार. बोटांना काजळी लागली नाही. पँटला हात पुसावा लागला नाही म्हणून त्यांना उलट बरंच वाटलं. मग बॉनेटवर पेला, आत स्टेअरिंगवर हात, दहा मिनिटं. पाण्यावर एकसारखी, बारीक वलयं. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. आत सगळं जागच्या जागी. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा मेलेला होता, तो त्यांनी दोष म्हणून कागदावर लिहिला. एक पट्टा सैल, पुढचं एक टायर झिजलेलं. अजून काही सापडतंय का म्हणून ते पाऊण तास गाडीच्या खाली-वर शोधत राहिले. शेवटी उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "ठीक आहे."

हे दोन शब्द फार मोलाचे होते. नऊ वर्षांत त्यांनी ते जेमतेम अकरा गाड्यांना दिले होते. बाईंचा चेहरा उजळला. जावई तर बघतच राहिला. केबिनच्या दारात चिमी चहाचा कप घेऊन उभी होती. तिने तो पुढे केला आणि मिस्त्रींनी तो सरळ तोंडाला लावला. त्या रात्री बायकोला म्हणाले, "पोरगा सुधारला गं. मीच जरा जास्त बोललो असेन."

आठ दिवसांनी नर्सबाई पुन्हा दारात.

"काका, गाडी सकाळी अशी थरथरते की डब्यात इंजेक्शनच्या बाटल्या वाजतात. मिनिटभराने आपोआप शांत होते. परवा तर बंदच पडली, दोनदा चावी मारावी लागली. म्हाताऱ्यांकडे सहाला दहा मिनिटं असताना पोचायची मी, त्या दिवशी कशीबशी सहाच्या ठोक्याला पोचले."

"शक्य नाही," मिस्त्री म्हणाले. पण झोप उडाली ती उडालीच. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते बाईंच्या अंगणात पोचले. चावी कुणी लावलेली नव्हती, गाडी रात्रभर उभी होती. बॉनेटवर पेला ठेवला आणि बाईंना सुरू करायला सांगितलं. पाणी लंगडत हललं, उसळलं, पेला सरकत कडेला आला. मागून पांढरा धूर निघाला आणि त्या धुराला गोडसर वास होता. मिस्त्रींनी गाडी बंद करायला लावली आणि गरम व्हायच्या आधी एकेक प्लग काढला. तिसरा प्लग ओला होता. पेट्रोलने नव्हे, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याने.

त्यांना सगळं कळलं. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामध्ये जी पातळ गॅस्केट असते ती गेली होती. गाडी रात्रभर उभी राहिली की तिच्यातून थेंब थेंब पाणी तिसऱ्या खणात झिरपायचं. सकाळी तो खण पेटायचा नाही, गाडी लंगडायची, मग ते पाणी पांढरा धूर होऊन निघून गेलं की दिवसभर शहाण्यासारखी चालायची. दिवसाकाठी इंजिन गार ठेवणाऱ्या बाटलीतलं पाणी थोडं थोडं कमी होत जाणार, आणि एखाद्या सकाळी टेकडी चढताना इंजिन तापून जाम होणार. काटा मेलेला, म्हणजे बाईंना आधी कळणारही नाही. काटा मेला नव्हता, मारला होता.

म्हणजे त्या दिवशी ते पोचायच्या आधी कुणीतरी गाडी चालवून ते पाणी जाळलं होतं. बॉनेट ओल्या पोत्याने गार केलं होतं, कोरडं पुसलं होतं. तेवढं कुठलाही डीलर करतो. पण सायलेन्सर?

मिस्त्री गाडीच्या मागे गेले, उकिडवे बसले आणि बोटं सायलेन्सरच्या तोंडाला लावली. बोटं काळी झाली. लागणारच. दहा वर्षांच्या गाडीच्या सायलेन्सरला काजळी नसेल तर काय चंदन असेल? आणि त्या दिवशी बोटं स्वच्छ राहिली होती. ओल्या फडक्याने कुणीतरी तो पाईप आतून-बाहेरून पुसून गार केला होता. बॉनेट पुसणाऱ्याला मिस्त्रींचा तळहात माहीत होता, त्यात विशेष नव्हतं. ज्याने सायलेन्सर पुसला त्याला त्यांची बोटं माहीत होती.

ते तिथेच जमिनीवर बसले. इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांतली घाण उपसली, त्या कुठल्याही घाणीने त्यांना असं खाली बसवलं नव्हतं. चक्कर आली असं समजून नर्सबाईंनी पाणी आणलं आणि त्यांची नाडी बघायला बसल्या.

"काय झालंय गाडीला?" त्यांनी विचारलं.

"गाडीला जे झालंय ते मला त्या दिवशी दिसायला हवं होतं," मिस्त्री म्हणाले. "चला. आत्ताच. पाणी काठोकाठ भरतो, हळू चालवा."

आवारात तेव्हा एक नवरा-बायको गाडी बघायला आले होते. जावई त्यांना डिकी उघडून दाखवत होता. चिमी केबिनमध्ये कागदांना टाचण्या लावत होती. राखाडी गाडी आत शिरलेली बघून ती उभी राहिली. मिस्त्री उतरले ते जावयाकडे न बघता थेट केबिनच्या दारात गेले.

"सायलेन्सर कुणी पुसला?" त्यांनी विचारलं.

"कुठला सायलेन्सर, मामा?" मागून जावई धावत आला. "सायलेन्सर कोण पुसतं?"

त्याच्या तोंडावर नुसता गोंधळ होता. त्याने गाडी फिरवली होती, बॉनेटवर पोतं टाकलं होतं, काट्याची वायर काढली होती. पण सायलेन्सरचं त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी एक आशा धरली होती, की चिमीने नवऱ्याच्या धाकाने सांगितलं असेल, नवऱ्याने केलं असेल. तीही गेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा.

"मी पुसला," चिमी म्हणाली.

जावई कधी तिच्याकडे, कधी सासऱ्याकडे बघू लागला. डिकीपाशी उभं असलेलं जोडपं हळूहळू जवळ सरकलं.

"का?" मिस्त्रींचा आवाज फुटला. "का गं? मी तुला काय कमी केलं?"

"काही कमी नाही केलंत," चिमी म्हणाली. आधी हळू बोलत होती, मग तिचाही आवाज चढला. "पण बाबा, तुम्हाला कधी काही बरं वाटलंय? आईची भाजी, शेजारी, माझे मार्क, माझ्या मैत्रिणी, माझा नवरा. सगळ्याला नाक मुरडलंत. हे दुकान चार वर्षं चाललंय, तुम्ही उंबरा ओलांडला नाहीत. यांच्या हातचं पाणी उजेडाला धरून बघता, मला लाजेने मेल्यासारखं होतं. मला एकदा, फक्त एकदा, तुम्ही या आवारात उभं राहून 'ठीक आहे' म्हणालेलं ऐकायचं होतं."

"मग चांगली गाडी ठेवायचीस माझ्यापुढे!"

"चांगल्या गाडीतही तुम्ही काहीतरी काढलंच असतं. मला भरवसा नव्हता. आणि तुम्ही येणार होतात ते हीच बघायला."

आपण अकरा गाड्यांना ठीक म्हटलंय, हे सांगावं असं मिस्त्रींच्या मनात आलं, आणि नऊ वर्षांत अकरा, हे लगेच स्वतःलाच ऐकू आलं. मग त्यांनी नर्सबाईंकडे बोट केलं. "आणि या? यांचे रोगी? टेकडीवर गाडी बंद पडली असती तर?"

चिमीने बाईंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिची मान खाली गेली. "त्यांचा मी विचारच केला नाही," ती म्हणाली.

एवढं खरं ऐकून मिस्त्रींना हेडमास्तर आठवले. त्यांनी निदान भावाचा विचार केला होता.

जावई घसा खाकरून म्हणाला, "हे बघा, विकलेली गाडी परत घेण्याची आमच्याकडे पद्धत..." पण ते जोडपं ऐकत होतं, आणि त्याला पुढे बोलायची गरज पडली नाही. चिमीने कपाटातून बाईंचे कागद काढले, त्यांच्यासमोर फाडले आणि म्हणाली, "गाडी परत घेतो. सगळं परत देते, आजच." जावयाने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने ते मिटलं.

बाहेर आल्यावर मिस्त्री बाईंना म्हणाले, "तुम्हाला दुसरी गाडी मी शोधून देतो. फी नको. आणि उद्या सकाळी त्या म्हाताऱ्यांकडे मी सोडतो तुम्हाला."

"सोडा, उपकार होतील," बाई म्हणाल्या. "पण काका, राग मानू नका. पुढची गाडी बघायला मी दुसऱ्या कुणाला तरी नेईन. तुमची चूक नाही हो. पण मला आता पहाटे चावी लावताना तुमचा शब्द आठवेल आणि भीती वाटेल."

मिस्त्रींनी मान हलवली. राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी पुढे पंधरा दिवस बाईंना पहाटे टेकडीपलीकडे सोडलं, त्यांना गाडी मिळेपर्यंत. गाडी दुसऱ्याच मेकॅनिकने बघितली. चांगली निघाली.

त्या प्रकारानंतर मिस्त्रींनी महिनाभर पिशवीला हात लावला नाही. गावात बातमी फुटलीच होती; काही जण म्हणाले, जावयाचीही गय केली नाही; काही म्हणाले, आधी पास केली होती ना, मग कसली तपासणी. दोन्ही ऐकून त्यांना सारखाच वीट आला. मग एकदा ओळखीचा एक कारकून फारच मागे लागला म्हणून ते पुन्हा निघाले. सायलेन्सरची युक्ती आता मातीत गेली होती. आवारात ती जोडप्यासमोर उघड झाली होती आणि अशा गोष्टी डीलर लोकांत वाऱ्यासारख्या पसरतात. पण मिस्त्री मिस्त्रीच. तीन आठवड्यांत त्यांनी दुसरी जागा शोधून काढली, जिथे इंजिनाची ऊब लपत नाही आणि जिथे कुणाचं लक्ष जात नाही. ती कुठली, ते इथेही लिहायची सोय नाही.

दोन महिन्यांनी एका सुट्टीच्या दुपारी चिमी आली. एकटीच. आईजवळ बसून थोडा वेळ रडली, मग दोघींनी मिळून कपाट आवरलं. आई शेजारी गेली तेव्हा ती चहा घेऊन बाहेर आली आणि बापाशेजारी पायरीवर बसली. भांडणाचं कुणी काढलं नाही. तिने सांगितलं की आता ती स्वतः गाडीतले दोष कागदावर लिहून काचेला चिकटवते, जावई कुरकुरतो पण लिहू देतो. मिस्त्री हुं म्हणाले. बरंच वाटलं त्यांना. तसं म्हणावं असंही वाटलं, पण जिभेला सवय नव्हती.

मग चिमीने कपातला शेवटचा घोट घेतला आणि लहानपणी बॅटरी धरून विचारायची तशाच आवाजात विचारलं, "बाबा, सायलेन्सर तर गेला. मग आता काय बघता हो?"

तिच्या विचारण्यात कपट नव्हतं, मिस्त्रींना ते दिसत होतं. तिला फक्त बापाने पूर्वीसारखं सांगायला हवं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून बजावायला हवं होतं. उत्तर ओठांवर आलंही. पण मधे दुसरंच काहीतरी आडवं आलं. उद्या हिने कुणाला सांगितलं तर? आणि हा विचार आपल्या मनात आलाच कसा, म्हणून त्यांना स्वतःची इतकी किळस आली की कप खाली ठेवावा लागला.

"काही नाही," ते म्हणाले. "बॉनेटवर हात ठेवतो. बास."

लेकीशी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते. चिमीने त्यांच्याकडे बघितलं. मिस्त्रींच्याच हाताखाली ती नजर तयार झाली होती. तिला ऐकताक्षणी कळलं.

"बरं," ती म्हणाली आणि दोघांचे कप उचलून विसळायला आत गेली.